एवढंसं विमान, केवढा बोभाटा!

आम्ही काही कुणाच्या दाराला कान लावणारी माणसं नव्हे. पण बीडीडी चाळीतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या, समोरासमोर, मध्ये एक पॅसेज. अशा ठिकाणी कान लावावा लागत नाही, तो लागलेलाच असतो. म्हणून सांगतो, आणि तुमच्यापुरतंच ठेवा: डिलाईल रोडवर नवीन नाद शिरलाय. दारू नव्हे, मटका नव्हे, मोबाइलवरची रमीसुद्धा नव्हे. त्यातलं काही असतं तर निदान समजून घेता आलं असतं, चार नातेवाईक बोलावून समजावता आलं असतं. ही मंडळी प्लास्टिकची लढाऊ विमानं जोडतात. आणि मंडळी म्हणजे शाळकरी पोरं नव्हेत. पेन्शन घेणारी, मोतीबिंदू काढलेली, नातवाच्या बारशाला नाव सुचवून बसलेली माणसं!

हे उघडकीला आलं ते खोल्या रिकाम्या करायच्या वेळी. या शंभर वर्षांच्या चाळी. १९२० नंतर सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि आमचा ना. म. जोशी मार्ग धरून एकूण २०७ इमारती, त्यातल्या ३२ आमच्या. (पाटीवर ना. म. जोशी असले तरी टॅक्सीवाल्याला डिलाईल रोडच सांगायचं, नाहीतर तो तुम्हाला भलतीकडे फिरवील.) पुनर्विकासासाठी सामान खाली उतरत होतं. कुणाच्या माळ्यावरून काय निघतं ते बघायला, म्हणजे मदत करायला, आम्ही सगळे पॅसेजमध्ये उभे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या माळ्यावरून आधी तांब्याचा बंब आला, मग पाळणा, मग सत्यनारायणाचा चौरंग. आणि त्यामागून डबे. पुठ्ठ्याचे, चपटे, झाकणांवर आगीच्या लोळात घुसणारी विमानं. दहा झाले, वीस झाले, चाळिसाच्या पुढे आम्ही मोजणं सोडलं. बहुतेकांची प्लास्टिकची वेष्टणंसुद्धा फोडलेली नव्हती.

काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यांच्या माहितीप्रमाणे काकांकडे "तीन-चार डबे" होते आणि तेही "वर्कशॉपमधल्या मित्रानं दिलेले". त्या मित्राचं औदार्य पाहून मजलाच्या मजला सद्गदित झाला. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त समोरच्या पोराला विचारलं, "भंगारवाला किती वाजता येतो रे?"

मग आम्ही खोलात शिरलो. शेजारधर्म असतो. कळलं ते असं की जितकी जोडता येतील त्याच्या दसपट घेऊन ठेवायची, ही या नादातली रीतच आहे. कंपनी साचा बंद करते, मग तेच विमान मिळत नाही, म्हणून आत्ताच घ्या. आमच्या लहानपणी रॉकेलची अशी साठेबाजी करणाऱ्यावर रेशनिंगवाले धाड घालायचे. विमानांच्या साठेबाजीला कायदा नाही म्हणे. असायला हवा.

हे खूळ आणलं कुणी? साहेबानं, दुसरं कोण! निकोलस कोव्ह नावाचा एक हंगेरियन गृहस्थ इंग्लंडात आला आणि १९३९ साली त्यानं एअरफिक्स नावाची कंपनी काढली. आधी हवा भरायची खेळणी केली, पुढे कंगवे. कंगवे बनवणाऱ्या माणसानं कंगवेच बनवत राहावं की नाही? पण १९५३ मध्ये कंपनीनं स्पिटफायर या लढाऊ विमानाची छोटी प्रतिकृती काढली, वूलवर्थच्या दुकानांत पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकायला ठेवली, आणि अख्ख्या देशाच्या बोटांना गोंद चिकटला. १९६३ मध्ये तर अशा लोकांनी रीतसर आंतरराष्ट्रीय सोसायटीच काढली. तिकडे जपानात शिझुओकाच्या तामियांची लाकडाची वखार होती, तेही प्लास्टिकच्या मागे लागले. म्हणजे धंदेवाईक, सुखवस्तू, शहाणी माणसं.

आणि पुढचं ऐका, हे तर कुणाला सांगूच नका. काकांच्या काही एअरफिक्स डब्यांच्या कडेला बारीक अक्षरांत काय छापलंय? 'मेड इन इंडिया'! गेली काही वर्षं त्यांची बरीच विमानं आपल्याच देशात ओतली जातात. म्हणजे प्लास्टिक इथे ओतायचं, बोटीनं विलायतेला पाठवायचं, तिथल्या दुकानातून काकांनी डिलाईल रोडला मागवायचं, आणि वर त्यावर खेळणं म्हणून आयात शुल्क भरायचं. ते शुल्क तरी किती? २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांचं ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. स्वदेशी खेळण्यांना उत्तेजन मिळावं म्हणून. काका म्हणतात, "मी स्वदेशीच घेतोय, फक्त ते फिरून येतं."

आता माप सांगतो, म्हणजे तुम्हाला प्रकरणाची खोली कळेल. यांच्यात दोन मापं जास्त चालतात. एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. आणि एकास अठ्ठेचाळीस, त्यात तोच माणूस दीड इंचाचा. खरं स्पिटफायर पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ३६ फूट १० इंच. अठ्ठेचाळिसाव्या भागात ते २३ सेंटिमीटरच्या जरासं वर जातं, जेवणाच्या ताटात मावेल एवढं. आम्ही गंमत म्हणून आमच्या १६० फुटी खोलीचा बहात्तराव्या मापात हिशेब केला. साडेचार चौरस इंच भरली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. त्या काडेपेटीत नऊ जणांनी संसार केला. आणि हे गृहस्थ त्याच काडेपेटीत विमानतळ चालवत होते!

काकांनी अठ्ठेचाळिसातलं स्पिटफायर उघडलं ते डिलाईल रोडचा पूल बंद झाला तेव्हा. २०१८ चा जुलै. तो रेल्वेवरचा लोअर परळचा पूल धोकादायक ठरला, एका रात्रीत बंद झाला, आणि सगळ्या वस्तीला वळसा घालून स्टेशन गाठायची शिक्षा झाली. काका म्हणाले, आता तसंही कुठे जाता येत नाही, जरा हे हातात घेतो. पूल पुरता खुला झाला २०२३ च्या नोव्हेंबरात, आणि तोही उद्घाटन कुणी करायचं यावर राजकारण आणि पोलीस तक्रार होऊन. महापालिकेला इतकी वर्षं लागली म्हणून आम्ही नाक्यावर उभं राहून काय काय बोललो. काकांचं विमान तेव्हा प्रायमरपर्यंत आलं होतं. त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांना काय, उद्घाटन करायचं नव्हतं.

बरं, एवढी वर्षं करतात तरी काय? डबा उघडला की राखाडी प्लास्टिकच्या चौकटी निघतात, त्यांना भाग लटकलेले. ते नेल कटरसारख्या कातरीनं तोडायचे. तोडल्यावर राहिलेली खूण तासायची. दोन अर्धी अंगं चिकटवली की सांध्याची रेघ दिसते. ती पुट्टी भरून, घासून, पुन्हा भरून, पुन्हा घासून नाहीशी करायची. घासताना शेजारचे रिव्हेट पुसले जातात. मग सुईनं एकेक रिव्हेट पुन्हा टोचायचा. आम्ही स्वतः बघितलंय, म्हणजे दार उघडंच होतं, भिंगाच्या दिव्याखाली माणूस दुपारभर टोचतोय आणि बाहेर नळ येऊन गेला!

स्वयंपाकघराची जी विटंबना झाली ती काकूंच्याच तोंडून ऐकावी. देवापुढचं निरांजन लावलं की काका प्लास्टिकच्या चौकटीची काडी ज्योतीवर धरतात. ती मऊ झाली की दोन्हीकडून ओढायची, केसाएवढी बारीक तार निघते. ती विमानाच्या शेपटीपासून बांधली की झाली अँटेना. देव काही बोलला नाही, पण काकूंनी निरांजन बदललं. बारीक मीठ सारखं संपतं, कारण ओल्या विमानावर मीठ भुरभुरवून, त्यावर रंग मारून, मग मीठ खरवडलं की रंग उडाल्यासारखा दिसतो. पिठाची चाळणी गेली. का? चिमट्यातून एखादा भाग उडाला, आणि तो उडतोच, की घरातल्या सर्वांनी होतं तिथे थांबायचं. पंखा बंद. काका बॅटरी घेऊन गुडघ्यांवर. नाहीच सापडला तर केर काढून तो चाळणीनं चाळायचा. एकदा तीन मिलिमीटरचा आरसा शोधताना काकूंची हरवलेली नथ सापडली. तेवढ्यावर काका वर्षभर बोलत होते.

आणि हेअरस्प्रे! डोक्यावर एक केस नसलेला माणूस मेडिकलमध्ये जाऊन हेअरस्प्रे मागतो, याचा अर्थ आम्ही काय घ्यायचा? पहिल्या मजल्यावर तर्क कुठल्या कुठे गेले. एक जण म्हणाला, या वयात होतं असं. शेवटी कळलं ते त्याहून लाजिरवाणं. विमानाला आधी चंदेरी रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर हिरवा रंग द्यायचा आणि मग ओल्या ब्रशनं घासायचं. आतला हेअरस्प्रे विरघळतो, वरच्या रंगाचे टवके उडतात आणि खालचा धातू दिसल्याचा भास होतो.

टवके उडवायचे! विकत आणलेल्या, पैसे मोजलेल्या, पाच वर्षं खपून रंगवलेल्या नव्या कोऱ्या वस्तूचे! इथेच सगळ्या डिलाईल रोडचं डोकं फिरलंय. घासून गुळगुळीत केलेलं विमान हे लोक शेवटी मळवतात. एक्झॉस्टच्या मागे काजळी. तोफांच्या मागे धुराचे ओघळ. पंखाच्या मुळाशी, जिथे मेकॅनिक पाय देऊन चढायचे, तिथे झिजलेला पत्रा. पोटाखाली तेलाचे डाग. आणि ती घाण लावायला महागड्या बाटल्या येतात, परदेशातून, वेगवेगळ्या रंगांच्या चिखलाच्या. नुसता चिखल हवा होता तर जुलै महिन्यात करी रोड स्टेशनबाहेर फुकट मिळतो, पण ते प्रमाणात बसत नाही म्हणे.

काकांचं विमान आहे १३२ नंबरच्या स्क्वाड्रनचं. आम्हाला वाटलं असेल कुठलं तरी. तर नाव काय निघालं? 'सिटी ऑफ बॉम्बे'! दुसऱ्या महायुद्धात ज्या ठिकाणांहून युद्धासाठी पैसा गेला त्यांची नावं इंग्रजांनी स्क्वाड्रनना दिली. बडोद्याच्या गायकवाडांच्या देणगीवरून १२४ ला 'बरोडा' चिकटलं, आणि १३२ ला आपली मुंबई. १९४१ साली स्कॉटलंडात पीटरहेडला स्पिटफायर घेऊन ते उभं राहिलं, १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उडालं, १९४५ मध्ये सिलोन आणि मग हाँगकाँग, आणि १९४६ मध्ये बरखास्त. नॉर्मंडीच्या त्या १९४४ च्या जून महिन्यात मित्रराष्ट्रांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे मारायचा हुकूम निघाला, म्हणजे आपल्याच लोकांनी ती पाडू नयेत. हुकूम आयत्या वेळी आला आणि जिथे जे हाती लागलं त्यानं, झाडूसारख्या ब्रशनंसुद्धा, ते ओढले गेले. म्हणून काकांनीही पट्टे वाकडे मारले. आधी टेप लावून सरळ मारले, आठ दिवस त्यांच्याकडे बघितलं, मग खरवडून पुन्हा वाकडे मारले. वर्कशॉपमध्ये सुताएवढा फरक आला तर जॉब परत पाठवणारा हा माणूस!

दुसऱ्या मजल्यावरचे तात्या याच्या विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं, नाव मुंबईचं, पैसा मुंबईचा, आणि आपण आता त्याची बाहुली कशाला नाचवायची? मुंबईचा वैमानिक हवा तर हृषीकेश मुळगावकरांचं विमान करा. मुंबईत जन्मले, काश्मीरच्या लढाईत महावीर चक्र मिळवलं, १९७६ ते ७८ हवाईदलाचे प्रमुख होते. काका म्हणाले, "करतो की, डबा आहे माझ्याकडे." हे उत्तर ते कशालाही देतात, आणि वाईट म्हणजे ते खरं असतं. तात्या वाद घालायला आले होते. जाताना बर्मा आघाडीवरच्या विमानांच्या गोल खुणेतला लाल ठिपका का काढला हे शिकून गेले. जपान्यांच्या विमानावर लाल गोळा असायचा, लांबून गफलत नको म्हणून. आता तात्या ही माहिती नाक्यावर स्वतःची म्हणून सांगतात.

पण कॉकपिटचं ऐकाल तर तुम्हीही कानावर हात ठेवाल. नखाएवढी ती जागा. तिच्यात सीट, सीटमागे चिलखताचा पत्रा, घड्याळांची पाटी, प्रत्येक घड्याळात काटा, काट्यावर वार्निशचा एक थेंब, म्हणजे काच वाटावी. हे सगळं महिनोन्महिने करायचं, मग विमानाची दोन अंगं चिकटवायची, वर काचेचं झाकण बसवायचं आणि संपलं. आत काय केलंय ते कुणाच्या बापाला दिसत नाही. आम्ही काकांना तोंडावर विचारलं, न दिसणाऱ्या जागेवर कशाला मरता? तर त्यांनी भिंग बाजूला केलं. लोअर परळच्या वर्कशॉपला आयुष्य गेलं त्यांचं, रेल्वेच्या डब्यांखाली. म्हणाले, "गाडीत बसताना कधी खाली वाकून बघितलंस, स्प्लिट पिन घातलीय का? मग? मी घालायचीच नाही का?" आता अशा माणसाशी काय बोलणार. आम्ही चहा प्यायलो आणि उठलो.

वैमानिकाचं प्रकरण मात्र हाताबाहेर गेलं. दीड इंची माणूस, त्याचं डोकं पाच मिलिमीटरचं, त्यात डोळे. काकांना जमेनात. कुणीतरी सुचवलं, आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यांतले एकाहून एक आखणीवाले आहेत, लालबाग-परळची पंचक्रोशी त्यावर जगते, त्यातल्या एखाद्याला बोलवा. आला बिचारा. त्याचा हात बसलेला वीतभर लांबीच्या डोळ्यांवर. पण कलावंत! एका कुसाच्या ब्रशनं, श्वास रोखून, त्यानं दोन डोळे आखले. भिंगातून बघितलं तर काय? मोठे, टपोरे, अर्धोन्मीलित, कृपादृष्टीनं भरलेले. जर्मन विमानं पाडायला निघालेला तो वैमानिक समोरच्याला आशीर्वाद देत होता. काकांना हसावं की रडावं कळेना. काकूंनी मात्र नकळत हात जोडले. शेवटी त्याच्या डोळ्यांवर गॉगल रंगवला. पण एक झालं, तो आखणीवाला जाताना काकांचा एअरब्रश आणि कॉम्प्रेसर न्याहाळून गेला, नळीत किती दाब ठेवता, थिनर किती घालता, सगळं विचारून. आता त्याच्याकडेही एक डबा आहे. गणपतीचा सीझन संपला की उघडणार. असं पसरतं हे!

तरुण पिढीचं वेगळंच. कमला मिलच्या आवारात ऑफिसला जाणारा चौथ्या खोलीतला मुलगा, पगार चांगला, स्थळं येतायत. त्याच्या मांडीवर काय? नॅट नावाचं लढाऊ विमान. बहात्तरातलं. खरं नॅटच एवढंसं, पंख २२ फुटांच्या आसपास. बहात्तराव्या भागात साडेनऊ सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. चाकंच अर्धवट खाली सोडून हवेतला ब्रेक म्हणून वापरायचं ते विमान. त्याला रंग कुठला द्यायचा यावर या मुलाचं आणि त्याच्या मित्राचं बोलणं बंद आहे. एक म्हणतो १९६५ च्या युद्धात नॅट चंदेरी, दुसरा म्हणतो घाईघाईनं हिरवं फासलेलं. दोघांकडे फोटो आहेत. दोन्ही फोटो काळे-पांढरे. मुलीकडचे बघायला आले तेव्हा हा मुलगा त्यांना सांगत बसला की ३ सप्टेंबर १९६५ ला ट्रेव्हर कीलरनं नॅटमधून पाकिस्तानच्या सेबर जेटवर विजय नोंदवला आणि त्याच दिवशी दुसरं एक नॅट चुकून पाकिस्तानात पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं, ते आजही कराचीच्या संग्रहालयात आहे. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "फ्लॅट कधी मिळणार?" तो म्हणाला, "बघायला मिळतं की, पालमच्या संग्रहालयातही आहे." जमलं नाही अर्थात.

मुलाची आई म्हणते, त्या नॅटच्या इंजिनियरनंच याला बिघडवलंय. टेडी पेटर नाव त्याचं. एवढं विमान आखलं, आणि सगळं सोडून बायको-मुलींसकट स्वित्झर्लंडमधल्या एका धार्मिक समुदायात जाऊन राहिला! आम्ही म्हटलं, वहिनी, तो संन्यास झाला, तुमचा अजून ईएमआय भरतोय. पण एक सांगायला हवं. निर्मलजीतसिंग सेखोंचं नाव निघालं की हा मुलगा गप्प होतो. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. हल्ला चालू असताना त्याच छोट्या विमानातून वर गेले आणि एकट्यानं लढले. हवाईदलाचं एकुलतं एक परमवीर चक्र. ते नॅट त्यानं अजून सुरू केलेलं नाही. म्हणतो, हात बसला की करीन. तेवढ्यापुरती आम्हीही चेष्टा करत नाही.

पुढची बातमी ताजी आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात, इथून बसनं दोन-चार स्टॉपवर, एक मारुत विमान उभं आहे. मारुती नव्हे, मारुत. बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं बनवलेलं, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं, एकूण १४७ झाली, १९७१ मध्ये राजस्थानच्या वाळवंटात लढलं. नॅटमध्ये ऑर्फियस जातीचं एक इंजिन, यात दोन. आणि ते कुणी आखलं? कुर्ट टँक! हिटलरच्या हवाईदलाचं फोक-वुल्फ १९० आखणारा तोच. युद्ध हरल्यावर हा माणूस नाव बदलून अर्जेंटिनात गेला, तिथलं राज्य डळमळलं तेव्हा भारतात आला. असला मसाला असून तामियानं किंवा एअरफिक्सनं त्या विमानाचा डबा काढलेला नाही. मग आमच्या मंडळींनी काय ठरवावं? स्वतःच मापं घेऊन, प्लास्टिकचे पत्रे कापून करायचं!

रविवारी सकाळी गेले सगळे. काका, कमला मिलवाला मुलगा, आखणीवाला आणि, हो, तात्यासुद्धा. शाळेच्या सहली आल्या होत्या, पोरं आरशात लांबट-बुटकी होत होती. आणि हे चार बाप्ये शिंप्याची टेप आणि वही घेऊन विमानाच्या पोटाखाली. एक मोजतोय, एक लिहितोय, एक रिव्हेटच्या ओळी गणतोय. वॉचमन आला. काय करताय? काका म्हणाले, "तपासणी." खाकी शर्ट, खिशाला पेन, कानामागे पेन्सिल; वॉचमन सॅल्यूट करून गेला. चाळीस वर्षं रेल्वेत काढली की असं होतं.

यावर कुणी म्हणतं, निदान पोटापाण्याचं काही करतात का? चारकोपला अमोल यादव नावाच्या वैमानिकानं इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी खरं विमान बांधलं, ते क्रेननं खाली उतरवून २०१६ मध्ये बीकेसीच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवलं. ते विमान उडणार होतं. आणि हे? न उडणाऱ्या विमानाला उडून आल्यासारखं दाखवायला हे हेअरस्प्रे मारतात.

आता खरी बातमी, जिच्यासाठी तुम्हाला थांबवलं. काकूंबद्दल. भंगारवाला आलाच नाही त्या दिवशी. डबे संक्रमण शिबिरातल्या खोलीत गेले, पलंगाखाली. पुढे महिन्याभरानं काका सीटबेल्टवर अडकले. पितळेचा पत्रा, कागदापेक्षा पातळ, त्यातून कापलेले पट्टे, आणि त्यांत तांदळाच्या कणीएवढं बक्कल ओवायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकांना जवळचं नीट दिसत नाही. तीन दिवस शिव्या चालल्या होत्या. चौथ्या दिवशी काकूंनी भाजी चिरायची सोडून चिमटा हातात घेतला. तुम्हाला आठवत असेल, १९८२ चा गिरणी कामगारांचा संप झाला तेव्हा काकू नवीन लग्न होऊन आलेल्या. सासरे मिलमध्ये, पगार बंद. घरोघरच्या बायका तेव्हा राख्या, मण्यांच्या माळा ओवायला आणायच्या, डझनावर पैसे मिळायचे. काकूंच्या हाताचा तो वेग चाळीस वर्षांनी तसाच निघाला. तासाभरात चारही पट्टे ओवून सीटवर बसले, एक तर थोडासा बाजूला लोंबता, वैमानिक आत्ताच उठून गेल्यासारखा. काका बघतच राहिले.

तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण काकूंनी पलंगाखालून स्वतःसाठी एक डबा काढला! दुसरं स्पिटफायर. काकांना पाच वर्षं लागली, काकूंनी दिवाळी ते होळीत उरकलं. सांधे नाहीत, डाग नाहीत, पट्टे सरळ. चकचकीत. आणि काका त्यांच्या विमानाला काजळी लावायला गेले, त्यावरून त्या खोलीत जे झालं ते मधल्या पातळ भिंतीतून सगळ्यांनी ऐकलं.

काका म्हणाले, अगं, विमान लढाईवरून आलंय, मळणार नाही का? असं कोरं ठेवलंस तर खोटं दिसेल.

"लढाईवरून आलंय ना?" काकू म्हणाल्या. "मग आधी आंघोळ, आणि मगच शोकेसमध्ये. माझ्या घरात बाहेरून आलेलं कुणीही तसंच आत येत नाही."

आता पॅसेजमध्ये दोन तट पडलेत. म्हाडानं ५०० चौरस फुटांचं घर दिलं की शोकेसच्या वरच्या कप्प्यात मळकं राहणार की धुतलेलं, यावर पैजा लागल्या आहेत, तात्या काकूंकडून आणि आखणीवाला काकांकडून. आम्ही काकूंच्या बाजूनं आहोत. पण हे काकांच्या कानावर घालू नका. त्या चाळिसांतला एक डबा, सोपा, बहात्तरातला, ते येत्या रविवारी आम्हाला देणार आहेत. नुसता बघायला.